ब्युटेनॉल : टँकरमधलं आणि डिझेलमधलं

आम्ही कशेडी घाटाच्या पोलादपूर बाजूच्या वाड्यांमधल्या, बचत गटाच्या बायका. आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: ब्युटेनॉल. पण ही वस्तू काही परदेशातली नवलाई नाही. घाटाच्या एका अंगाला महाडची एमआयडीसी, घाट उतरून पलीकडे गेलं की खेड तालुक्यातलं लोटे-परशुराम. दोन्हीकडे रसायनांचे कारखाने आणि मध्ये आपला रस्ता. बोगदा सुरू झाल्यापासून गाड्यांचा बराच ओघ तिकडे वळला, तरी शिवार आपलंच. रोज किती टँकर जातात, आत काय असतं, हे आपण कधी विचारत नाही. त्यातल्या कशात ब्युटेनॉल असतं, कशात त्याची भावंडं.

दुसरं कारण डिझेलचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात हे आता सगळ्यांना माहीत झालंय. २०२५ पर्यंत ते प्रमाण वीस टक्क्यांवर आलं. मग डिझेलचं काय? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं, की डिझेलमध्ये इथेनॉल मिसळून पाहिलं, ते जमलं नाही. आता पुण्याची एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था डिझेलमध्ये आयसोब्युटेनॉल मिसळून पाहते आहे. आयसोब्युटेनॉल म्हणजे ब्युटेनॉलचाच एक प्रकार. आपला देश पेट्रोलच्या दुपटीहून जास्त डिझेल जाळतो. एसटी, टेम्पो, आपला पॉवर टिलर, सगळं डिझेलवर. तेव्हा ही गोष्ट जमली तर तिचा धागा आपल्या शेतापर्यंत येणार.

आता हे आहे तरी काय?

अल्कोहोल ही एकच वस्तू नाही, ते एक कुटुंब आहे. कार्बनच्या कणांवरून त्यांची वयं लावता येतात. सगळ्यात धाकटं मिथेनॉल, त्यात कार्बनचा एक कण. मग इथेनॉल, त्यात दोन. दारूत असतं ते हे, आणि पेट्रोलमध्ये मिसळतात तेही हेच. मग तीन कणांचं प्रोपेनॉल, हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये त्याचा एक प्रकार असतो. आणि चार कणांचं ते ब्युटेनॉल. दिसायला चौघंही पाण्यासारखी स्वच्छ. म्हणूनच धोका. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल असलेली दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. ब्युटेनॉलही पिण्याची वस्तू नाही. याचं पुढे सांगतोच.

नावाची गंमत सांगायला हवी. लोण्याला लॅटिन भाषेत ब्युटिरम म्हणतात. जुनं लोणी खवट होतं तेव्हा जो वास सुटतो, तो ब्युटिरिक आम्लाचा. त्याच घराण्यातलं म्हणून हे ब्युटेनॉल. आणि हे नातं नुसतं नावापुरतं नाही. ब्युटेनॉल तयार करणारे जिवाणू आधी तेच खवट आम्ल तयार करतात आणि मग त्याचं ब्युटेनॉल करतात.

आंबोळीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की सकाळी फुगतं, ताडी दुपारपर्यंत चढते. आंबणं आपल्याला शिकवायला नको. इथेनॉलही असंच आंबवून करतात, यीस्ट वापरून. ब्युटेनॉलसाठी यीस्टऐवजी मातीत आणि धान्यावर सापडणारा एक जिवाणू लागतो, क्लोस्ट्रिडियम नावाचा. त्याला हवा अजिबात चालत नाही, म्हणून सगळं बंद टाकीत. खायला मात्र त्याला पीठ चालतं, साखर चालते, मळी चालते. इथेनॉलचं यीस्ट पीठ तसंच खाऊ शकत नाही, आधी त्याची साखर करून द्यावी लागते. हा जिवाणू थेट पिठावर तुटून पडतो.

ही विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना तोफगोळ्यांच्या दारूसाठी ॲसिटोन हवं होतं आणि ते मिळेना. मँचेस्टरला चाइम वाइझमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, पुढे १९४९ मध्ये ते इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी मका आंबवून ॲसिटोन काढून दाखवलं. धान्याची टंचाई पडली तेव्हा, १९१७ मध्ये, इंग्लंडच्या शाळकरी पोरांना हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या बिया गोळा करायला लावलं. त्या बियांतून फारसं काही निघालं नाही ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे नाशिकलाही त्या युद्धाच्या काळात ॲसिटोनचा कारखाना उभा राहिला होता.

या आंबवण्यात तीन गोष्टी एकदम निघतात: ॲसिटोन, ब्युटेनॉल आणि थोडं इथेनॉल. प्रमाण साधारण तीनास सहा आणि एक. म्हणजे हवं होतं ते तीन भाग आणि नको होतं ते ब्युटेनॉल त्याच्या दुप्पट! त्याचं काय करावं ते कळेना, टाक्या भरून पडल्या. युद्ध संपलं आणि मोटारींना झटपट वाळणारा रंग लागू लागला. त्या रंगाला पातळ करायला ब्युटेनॉलपासून केलेलं ब्युटाइल ॲसिटेट फार उपयोगी पडलं, आणि नकोसा झालेला माल भाव खाऊ लागला. पुढे खनिज तेलापासून तेच ब्युटेनॉल स्वस्तात होऊ लागलं आणि आंबवण्याचे कारखाने एकेक करून बंद पडले. दक्षिण आफ्रिकेत मळीवर चालणारा कारखाना मात्र १९८० च्या दशकापर्यंत टिकला. आज बाजारात येणारं बहुतेक ब्युटेनॉल खनिज तेलातूनच येतं. त्याला जैव म्हणता येत नाही.

आपल्या घरात ते कुठे आहे? भिंतीच्या रंगात, थिनरमध्ये, चिकटपट्टीच्या डिंकात, नेलपॉलिशच्या वासात, कुठे थेट, कुठे त्याच्यापासून केलेल्या दुसऱ्या रसायनाच्या रूपात. पेनिसिलिनसारखं औषध गाळून काढायलाही ब्युटाइल ॲसिटेट वापरतात. त्याचं धाकटं भावंड तर महाडलाच राबतं. लक्ष्मी ऑरगॅनिक ही कंपनी महाड एमआयडीसीत इथेनॉलपासून इथाइल ॲसिटेट करते, जे शाईत, पॅकिंगच्या कागदात आणि औषधांच्या कारखान्यांत लागतं. म्हणजे घाटावरच्या उसाची मळी अल्कोहोल होऊन कोकणात उतरते आणि रसायन होऊन पुन्हा सगळीकडे जाते. पीक आणि कारखाना यांची अशी सोयरीक इथे आधीपासूनच आहे.

आता इंधनाकडे येऊ. ब्युटेनॉलचं एवढं कौतुक का? हिशेब जुन्या आण्यांत सांगतो, आमच्या आजीसासवांना तोच कळतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सोळा आणे ताकद धरली तर इथेनॉलमध्ये साडेदहा आणे, आणि ब्युटेनॉलमध्ये साधारण साडेतेरा आणे. डिझेलशी ताडून पाहिलं तर ब्युटेनॉल बारा आण्यांवर येतं. म्हणजे टाकी तेवढीच भरली तरी इथेनॉलपेक्षा गाडी लांब जाते. दुसरं, इथेनॉल पाणी फार ओढून घेतं. आपल्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा कोरडं राहत नाही, तिथे इथेनॉल काय राहणार! डिझेलमध्ये मिसळलेलं इथेनॉल थोडं पाणी लागलं की वेगळं होऊन बसतं, आणि इंजिन फसतं. ब्युटेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळतं आणि मिसळलेलं राहतं. पुण्याचीच प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी आयसोब्युटेनॉल तयार करायच्या तंत्रावर काम करते आहे.

मग घोडं अडलंय कुठे? अडलंय त्या जिवाणूतच. स्वतः केलेलं ब्युटेनॉल त्याला स्वतःलाच बाधतं. शंभर लिटर घोळात सव्वा-दीड लिटर ब्युटेनॉल झालं की तो मरायला लागतो. इथेनॉलचं यीस्ट शंभरात दहा लिटरच्या आसपास सहज सहन करतं. आता त्या शंभर लिटरमधून दीड लिटर वेगळं काढायचं तर सगळा घोळ तापवायचा, आणि तापवायला परत इंधन! चुलीवर पाणी आटवून मीठ काढणारीला विचारा, लाकडं किती लागतात. शिवाय टाकीत दुसरा कुठला जंतू शिरला की सगळी भट्टी वाया. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लुव्हर्न गावी गेव्हो या कंपनीने २०१२ मध्ये बदल केलेलं यीस्ट वापरून आयसोब्युटेनॉल सुरू केलं. थोड्याच महिन्यांत टाक्यांत नको ते जंतू शिरले, आणि त्यांना काही काळ पुन्हा इथेनॉलवर यावं लागलं. पैसा, शास्त्रज्ञ, सगळं असून ही गत.

आणि उरलेले साडेअठ्ठ्याण्णव लिटर कुठे जाणार? हा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. मळीपासून इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीतसुद्धा एक लिटर मालामागे आठ ते पंधरा लिटर काळं, आंबट सांडपाणी निघतं. ब्युटेनॉलचं त्याहून कितीतरी जास्त निघेल, जोवर कुणी हुशार वाट काढत नाही. ते पाणी नीट स्वच्छ करून पुन्हा वापरलं तर ठीक. नाही तर सावित्री आहेच सगळं पोटात घ्यायला. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघते, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला जाते. नदीकाठी मासे पकडणाऱ्या आणि कपडे धुणाऱ्या बायकांना तिच्या पाण्याचा रंग आणि वास कुठे बदलतो ते कागद न बघता सांगता येतं. उद्या कुणी ‘हरित इंधनाचा कारखाना’ म्हणून ग्रामसभेत आलं, तर नोकऱ्या किती हे विचारण्याआधी सांडपाणी कुठे सोडणार हे विचारायचं. इंधन हरित असलं म्हणजे ओढाही स्वच्छ राहील असं नाही.

तसाच कच्च्या मालाचा प्रश्न. ब्युटेनॉल कशापासून करणार? ऊस, मका, तांदळाची कणी, की पेंढा? इथेनॉलने काय केलं ते आपण पाहिलंय. मक्याचा मोठा वाटा तिकडे वळला आणि कोंबडीखाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी जाहीर ओरड केली. आपल्यातल्या ज्या बायका गावरान कोंबड्या पाळतात त्यांना ती ओरड पिशवीच्या भावातून कळली. २०२३ ला पाऊस कमी झाला तेव्हा सरकारला डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घालावं लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारी गोदामातला तांदूळ इथेनॉलला देणंही थांबवलं होतं, पुढे ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे पाऊस बरा असेपर्यंत धान्याची गाडी चालवा, आणि पाऊस गेला की ताट आधी. आम्हाला तरी ताट कायमच आधी वाटतं.

पेंढ्याचं बोलणं जास्त बरं वाटतं, कारण पेंढा माणूस खात नाही. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलने २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा कारखाना सुरू केला. वर्षाला दोन लाख टन पेंढा लागेल असा त्याचा हिशेब. तिकडे शेतकरी पेंढा शेतातच जाळतात, तेव्हा तो गोळा केला तर धूर तरी वाचतो. पण आपल्याकडे पेंढा कोण जाळतं? गुरं खातात, गोठ्यात पसरतो, उरला तर शेजारीण मागून नेते. डोंगरउतारावरच्या दोन-दोन गुंठ्यांच्या खाचरांतून ट्रकभर पेंढा गोळा करायचा म्हटलं तर डिझेलच जास्त जळेल. तेव्हा आमचं मत असं, की पेंढ्याच्या इंधनाचा पैसा आपल्या वाडीत यायचा नाही. कुणी गटाला ‘आगाऊ रक्कम भरा, जैवइंधनासाठी पेंढा खरेदी करू’ असं सांगत आलं, तर त्याला चहा पाजा आणि मोकळ्या हाताने वाटेला लावा.

डिझेलमध्ये आयसोब्युटेनॉल खरंच आलं तर घरात एक गोष्ट बदलावी लागेल. टिलरसाठी आपण डिझेलचा कॅन पडवीत ठेवतो, कधी चुलीपासून चार हातांवर. निव्वळ डिझेल चटकन पेट घेत नाही, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. आयसोब्युटेनॉलची वाफ २८ अंशांनाच पेटण्याइतकी तयार होते, साध्या ब्युटेनॉलची ३५ अंशांना. महाडला एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशी सहज ओलांडतो. मिसळलेल्या डिझेलचा कॅन घराबाहेर, सावलीत, घट्ट बुचाचा. खरं तर हे आजच्या डिझेललाही लावून घ्यायला हरकत नाही.

पण मिसळलेलं डिझेल येईल तेव्हा येईल. टँकर आजच जातोय. घाटात टँकर कलंडल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत, आणि टँकर कलंडला की बादल्या घेऊन धावणारेही नवे नाहीत. स्वयंपाकाच्या तेलाचा टँकर असला तरी ते धोक्याचंच. रसायनाचा असला तर जिवाशी खेळ. टँकरच्या मागे आणि बाजूला एक पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो, इंग्रजी आकड्यांत. ११२० म्हणजे ब्युटेनॉल. १२१२ आयसोब्युटेनॉल. ११७० इथेनॉल, १२३० मिथेनॉल, १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल. पाठ करायची गरज नाही. मोठ्या अक्षरात लिहून समाजमंदिराच्या भिंतीवर लावलेत तरी पुरे. नंबराखाली कारखान्याचा फोनही असतो. लांबून वाचता आला तर ११२ ला फोन करताना तो चार आकडी नंबर सांगायचा, किंवा कशेडी टॅपवरच्या महामार्ग पोलिसांना. आग विझवणारे येतात तेव्हा फेस आणायचा की आणखी काही, हे त्यांना त्यावरून कळतं.

ब्युटेनॉलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी उताराने खाली येते आणि वहाळात, गटारात, मोरीखाली साचते. म्हणून टँकर वर रस्त्यावर सांडला तरी खालच्या वाडीतल्या चुली आधी विझवायच्या. विडी, काडी, मोटारसायकलची किक, काही नाही. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आणि चढाकडे सरकायचं. गुरं खालच्या पाणवठ्यावर सोडायची नाहीत. डोळ्यांत उडालं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धूत राहायचं आणि मग दवाखाना. कुणी चुकून प्यायलं तर बोटं घालून ओकारी काढायची नाही, ते छातीत उतरलं तर जास्त वाईट. सरळ १०८ ची गाडी बोलवायची. आणि पुरुषमाणसांपैकी कुणी म्हणालं, ‘अल्कोहोलच आहे, थोडं पाणी घालून बघू,’ तर त्याला मालवणीची आठवण करून द्यायची.

शेवटी ड्रमचं. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याच्या रांगेत आपल्याकडे निम्मे ड्रम एमआयडीसीच्या भंगारातले असतात. निळे प्लास्टिकचे, काही लोखंडी. स्वस्त मिळतात, म्हणून घेतो. प्लास्टिक अशी रसायनं थोडी शोषून घेतं. साबणाने दहा वेळा धुतलं तरी आत मुरलेलं हळूहळू पाण्यात उतरतं, आणि ते पाणी पोरं पितात. वास गेला म्हणजे ड्रम स्वच्छ झाला असं समजू नका, नाकालाही काही वेळाने सवय होते. असा ड्रम शेणखताला, राबाची राख ठेवायला चालेल, पिण्याच्या पाण्याला नाही. धान्यालाही नाही.

लोखंडी ड्रमचा धोका वेगळा. तो कापून कुणी चूल करतं, कुणी पाण्याची टाकी, कुणी शेगडी. रिकाम्या ड्रममध्ये तळाला चार थेंब उरले तरी आतली हवा त्यांच्या वाफेने भरलेली असते. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम जास्त स्फोटक. त्याला गॅसकटर किंवा ग्राइंडर लावला की ठिणगी आत जाते आणि झाकण तोफेसारखं उडतं. वेल्डिंगच्या दुकानात ड्रम घेऊन जाणारी बहुतेक वेळा घरातलीच बाई असते, कारण चूल तिला हवी असते. महाड एमआयडीसीत नोव्हेंबर २०२३ मध्ये एका कारखान्याला आग लागली, अकरा कामगार गेले. तिथे निदान आग विझवायचा बंब जवळ होता. वाडीवर तो पोचेपर्यंत काय उरणार?

गटाच्या पैशातून एकत्र घेतल्या तर खाण्यापिण्यासाठी बनवलेल्या नव्या टाक्या दुकानदार कमी भावात देतो, हे आम्ही विचारून पाहिलंय. ज्यांच्या घरी भंगारातले ड्रम आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला येताना ड्रमवरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून आणा. चिठ्ठीवर चार आकडी नंबर असतो, ज्वालेचं किंवा कवटीचं चित्र असतं. चिठ्ठी खरवडून काढलेली असेल तर तसं सांगा, तो ड्रम पाण्यातून बादच धरू. बैठक नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी.